पेरं

फेब्रुवारी लागला की
आमच्या गावात आऱ्यांना कंठ फुटतो.
बँकेपुढे, चर्चच्या आवारात, टायरवाल्याच्या कुंपणाशी
क्रेप मर्टल उभे असतात हात वर करून,
आणि आम्ही ट्रक घेऊन येतो
मनगटापुढचं उतरवायला.

झाडामागे चाळीस डॉलर.
अकरा वर्षं हेच केलं.
शेजाऱ्याने छाटलं म्हणून हा छाटतो,
याने छाटलं म्हणून पलीकडचा.
दरसाल त्याच जागी कापलं की तिथे गाठ धरते.
सूतगिरणीतून सुटलेल्या माझ्या बापाच्या
बोटांची पेरं होती, तशी.
गाठीतून झिपऱ्या फुटतात, बारीक, उंच,
आणि फुलं आली की पहिल्याच सरीला
रस्त्यावर लोळण घेतात.

मिस ओझेला पिकेटकडे एकच झाड.
मी आरी काढली, तर पोर्चमधून म्हणाली,
"ती आत ठेव. आधी बघ."
काय बघू?
"ते कळेस्तोवर बघ."

पाऊण तास उभा.
थंडीत त्याला पान नसतं,
म्हणजे लपवायला काही नसतं.
दालचिनी रंगाचं खोड,
हात फिरवला तर नुकत्याच दाढी केलेल्या गालासारखं.
वर एक फांदी दुसरीला घासत होती,
साल गेली होती तिथली.
मी बोट दाखवलं.
"हं. ती काढ."
मग बुडातले फुटवे. मग आत वळलेली एक.
"पेन्सिलीहून जाड असली तर मला विचारायचं."
चारदा विचारलं.
चारदा नाही म्हणाली.

गवतावर पडलं ते सगळं एका कवेत मावलं.
म्हटलं, वीसच द्या, काम झालंच नाही काही.
तिने चाळीस मोजले.
"वीस कापलंस त्याचे.
वीस नाही कापलंस त्याचे."

मे महिन्यात फोन आला.
पानांवर काजळी, फांद्यांवर पांढरे ठिपके,
नखाने चिरडले तर गुलाबी रक्त.
मी फवाऱ्याचा पंप खाली घेतोय,
तोवर हिने बादली पुढे केली, भांड्यांचा साबण, मऊ ब्रश.
"पोराची पाठ घासतात तसं. कानामागेसुद्धा."
झाडाला कान नसतो, हे मी ओठांवर आणलं नाही.
बेचक्या घासल्या.

जुलैत फुललं ते मी जाता-येता ट्रकमधून पाहिलं.
कलिंगडाच्या गराचा रंग,
पाकळ्या चुरगळलेल्या,
लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उतरवलेल्या झिरमिळ्यांसारख्या.
फांद्या वाकल्या. मोडली एकही नाही.

पुढल्या फेब्रुवारीत सात गिऱ्हाइकांना म्हटलं, छाटू नका.
पाच गेली.
मिस्टर हॅलोवे म्हणाला, झाड माझं, पैसे माझे.
ते खरंच होतं.
माझाच चुलतभाऊ जाऊन कापून आला.

गाठी झालेल्या झाडांचं काय करायचं,
एकदा तिला विचारलं.
"गाठीवर दोन फुटवे ठेव, बाकी उडव.
पुढल्या वर्षी दोनातला एक.
गाठ जात नाही.
फांदी जाड होत जाते, आणि एक दिवस
गाठ कोपरासारखी दिसायला लागते.
तोवर मी नसेन, मला दाखवायला येऊ नकोस."

ती आहे अजून. नव्वदीला टेकली.
मीच गेलो नाही बरेच दिवस.

बँकेत नवी मॅनेजर आलीय, तिला यातलं काही ठाऊक नाही,
म्हणून न विचारता मी दोन-दोन ठेवत गेलो.
यंदा एकेक.
अजून कोपरं झालेली नाहीत.
सकाळी माझ्या मुठी लवकर मिटत नाहीत हल्ली;
ट्रकमध्ये हीटरपुढे हात धरून
एकेक पेर दुमडतो, उलगडतो,
मग कात्री घेतो.

आरी मागेच आहे, ताडपत्रीखाली.
तिला गंज चढू देत नाही.
का, ते सांगता येणार नाही.